एक जूनचे दोन लिंबाजी

कोबॉल मेली, असं मला पहिल्यांदा सांगितलं ते नांदेडच्या क्लासात, जिथं मी ती शिकायला गेले होते तिथंच. आणि सांगितलं कधी, तर फी भरून घेतल्यावर. "ही भाषा आता चार-दोन वर्षांची पाहुणी आहे," सर म्हणाले आणि फळ्याकडं तोंड करून तीच शिकवायला लागले. मी मावशीच्या घरी राहून, तिची धुणीभांडी उरकून त्या क्लासला जात होते. मनात म्हटलं, मेली तर मेली, पण शिकल्याबिगर काही मी गावाकडं, मुरुडला, परतायची गाडी धरत नाही.

पुढं तिची मयत कुणी ना कुणी कळवतच राहिलं. मी मात्र लातूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लागले आणि रिटायर होईपर्यंत तिच्यातच काम केलं. कारखान्याचं नाव सांगत नाही, या वयात मला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. सभासद कोण, कुणाच्या उसाला तोड कधी, दिवाळीची साखर कुणाला, हे सगळं मी कोबॉलमध्ये लिहिलेलं होतं. चेअरमन बदलले, एमडी बदलले, भिंतीवरचे फोटो बदलले. माझा प्रोग्राम तोच होता.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात पुण्याची एक कंपनी आली. जुनं सगळं काढून नवं बसवणार म्हणे. त्यांचा म्होरक्या वीरेश, आपल्या उदगीरकडचाच, पण तोंडात पुण्याची मराठी आणि हातात सारखा फोन. मला म्हणाला, "मॅडम, आमच्या टीमला जरा कोबॉलची हिस्टरी सांगा ना. लेगसी म्हणजे काय ते मुलांना कळू दे."

लेगसी म्हणजे मी. पण सांगितलं. आवड होती म्हणून सांगितलं.

सांगितलं की एकोणसाठ साली अमेरिकेत ज्या कंपनीचं यंत्र, त्या कंपनीची भाषा, असा कारभार होता. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या यंत्रावर चालेना. मग सरकारच्या संरक्षण खात्यानं सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवलं आणि म्हटलं, धंद्याच्या हिशेबासाठी एकच भाषा करा. त्याच्या आधीपासून त्यांच्या नौदलातली एक बाई कानीकपाळी ओरडत होती की यंत्राशी आकड्यांत कशाला बोलता, साध्या शब्दांत बोला. लोक तिला हसले होते. मग तिचंच ऐकावं लागलं. म्हणून कोबॉलचा प्रोग्राम वाक्यावाक्यांचा असतो, वाक्य संपलं की पूर्णविराम, वाक्यांचे परिच्छेद. उद्या साहेबानं वाचला तरी त्याला कळावा, अशी कल्पना होती. साहेब वाचत नसतो, ही गोष्ट त्या बिचाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.

आणि त्या थडग्याच्या दगडाचं सांगितलं. भाषा करायचं काम इतकं रेंगाळलं की कमिटीतल्या एका वैतागलेल्या माणसानं दगड विकत घेतला, त्यावर कोबॉल असं नाव कोरून घेतलं आणि दिला साहेबाकडं पाठवून. भाषा पुरी व्हायच्या आधीच तिचा दगड तयार. तो म्हणे अजून तिकडं एका संग्रहालयात आहे, आणि भाषा बँकाबँकांतून चालूच आहे.

वीरेशची टीम हसली. माझ्याबरोबर फोटो काढले. मग मी म्हटलं, "आता कामाचं ऐका. एक परिच्छेद आहे, त्याचं नाव एक-जून. त्याला हात लावू नका."

तोवर त्यांचे वडापाव आले होते.

आता ते एक-जून काय, ते सांगते. आमच्या भागात जुन्या माणसांना जन्मतारीख विचारा. हा एक जूनचा, तो एक जूनचा, त्याची बायको पण एक जूनची. गावात काय सगळ्या बाया एकाच दिवशी बाळंत झाल्या होत्या का? तर नाही. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजी पोराला उभं करायचे, डोक्यावरून हात घालून दुसऱ्या बाजूचा कान धरायला लावायचे, आणि कान हाताला लागला की साल अंदाजानं आणि तारीख एक जून, असं ठोकून द्यायचे. माझ्या बापाचा जन्म असाच गुरुजींनी दिलेला आहे.

माझे बाबा लिंबाजी ग्यानोबा गायकवाड. त्यांच्याच दिवशी, त्यांच्याच शाळेत, त्याच गुरुजींसमोर आणखी एका पोरानं कान धरला. तोही लिंबाजी, त्याचाही बाप ग्यानोबा, आडनावही गायकवाड. तो मराठ्यांचा, बाबा आमच्या बुद्धवाड्यातले. तेव्हा त्याला बुद्धवाडा म्हणत नव्हते. गुरुजींनी दोघांना एकच तारीख, एकच साल दिलं. त्याला आत बसवलं आणि बाबांना दारात. पुढं गावानं त्यांना लिंबाजीराव केलं आणि बाबांना लिंब्या. गावाचा कधी गोंधळ झाला नाही. दोघांना सारखं धरणारी एकच जागा होती, ती म्हणजे माझा कॉम्प्युटर.

म्हणून मी तो परिच्छेद लिहिला होता. नाव सारखं आणि जन्मतारीख सारखी, तर माणूस एकच, असा साधा नियम सगळीकडं असतो. मी लिहिलं होतं की तारीख एक जून असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नको. आईचं नाव बघ. लिंबाजीरावांची आई गौराबाई, माझी आजी सरजाबाई. झालं. शाळेत न गेलेल्या दोन बायांच्या नावावर अख्खा कारखाना बिनचूक चालला.

वीरेशकडं जुना प्रोग्राम वाचून नवा करून देणारं एक मशीन होतं. कारखान्यानं नवे सभासद घेणं केव्हाचं थांबवलेलं, त्यामुळं माझा तो परिच्छेद बरीच वर्षं चाललाच नव्हता. मशीननं त्याच्यावर शेरा मारला, निरुपयोगी. वीरेशनं तो काढून टाकला. मी तीनतीनदा सांगूनही काढला. मग निवडणुकीआधी यादी साफ करायची म्हणून दुबार नावं उडवली. दोन लिंबाजींपैकी ज्याचा नंबर आधीचा तो राहिला. शेअर्स गोळा केले त्या दिवशी रांगेत बाबांना मागं उभं केलं होतं, तेव्हा आधीचा नंबर कुणाचा ते सांगायला नको.

आणखी पण नावं उडाली. ज्यांच्यासाठी फोन करणारं कुणी नव्हतं त्यांचीच.

आम्हाला कळलं ते दिवाळीच्या तोंडावर, कारखान्याच्या गट ऑफिसला. दिवाळी आम्ही करत नाही, पण सभासदाची साखर बाबा दरवर्षी घेतात, आणि ती गोड खायला घेत नाहीत. हाडकीच्या, म्हणजे महारकीच्या वतनी जमिनीच्या, तुकड्यात विहीर खणून ऊस लावणारा आणि कारखान्याचा सभासद होणारा आमच्या वस्तीतला पहिला माणूस माझा बाप. पहिल्या वर्षी ते पोतं खांद्यावर घेऊन मागच्या वाटेनं आले नाहीत. वेशीतून, पारासमोरून, सगळ्यांच्या तोंडावरून आले. पारावरचे बोलायचे थांबले होते, असं आई सांगायची. आता पोतं रिक्षातून येतं, पण रिक्षावाल्याला बाबा अजून वेशीतूनच घ्यायला लावतात.

त्या दिवशी मी बरोबर होते. खिडकीतला म्हणाला, "आजोबा, तुमचं नाव दुबार आहे. रद्द झालंय."

"दुबार म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही एकदा आहात यादीत. दुसऱ्यांदा नाहीत."

"मग एकदाची दे की साखर."

"ती त्यांना दिली," म्हणून त्यानं बोट दाखवलं. बाजूला लिंबाजीराव उभे होते, काठीवर हात ठेवून. त्यांचा गडी पोतं जीपमध्ये टाकत होता.

बाबांना हायसं वाटलं. खरंच वाटलं, मी त्यांचं तोंड बघितलं. साक्षीदारच समोर उभा होता. म्हणाले, "लिंबाजीराव, सांगा की ह्येला. आपन दोघं एकाच दिवशी शाळंत गेलाव का न्हाई? तुमी येगळे, मी येगळा, सांगा की."

एवढंच सांगायचं होतं. एक वाक्य. लिंबाजीरावांनी खिडकीतल्याकडं बघितलं, रांगेकडं बघितलं. त्यांचा मुलगा शिवशंकर त्या वेळी संचालकपदाला उभा होता, आणि ही नवी यादी चेअरमनच्या पॅनलनं केलेली. यादी चुकली म्हणणं म्हणजे स्वतःच्याच पोराच्या पायावर धोंडा.

"कॉम्प्युटरचं आपल्याला काय कळतंय, लिंब्या," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

बाबा रिकाम्या हातानं निघाले. रिक्षावाल्यानं वेशीकडं वळवली तर म्हणाले, "मागून घे रं." मला संताप आला. कुणावर आला म्हणाल तर सगळ्यांवर, आणि सगळ्यात जास्त त्या जीपवर.

दुसऱ्या दिवशी मी एमडी साहेबांच्या केबिनमध्ये. नवीन साहेब, बोलायला मऊ. खुर्ची दिली, चहा सांगितला. "मॅडम, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे," म्हणाले. असं म्हटलं की समजावं, काम होणार नाही. रद्द झालेला नंबर परत उघडायची सोयच नव्या सिस्टममध्ये नव्हती. "एकच रस्ता आहे. वारस-नोंद. वडिलांचं मयत दाखवू, नंबर उघडेल, तुमच्या नावावर करू. दाखल्याची जागा रिकामी सोडली तरी चालतं."

"ते जिवंत आहेत, साहेब. बाहेर बाकड्यावर बसलेत."

"अहो, तांत्रिक बाब आहे ही. खरंच का मरणारेत ते?"

मी बाहेर आले. बाबांना कसं सांगावं कळेना, म्हणून आडवळणानं न जाता जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्या तुझ्या भाषेला बी जित्तेपणीच दगड आला होता न्हवं?"

"हाव बाबा."

"मग लिही. माझं नाव गेलं तर जाऊ दे माय, जागा जाऊ देऊ नको. तुझं नाव लाव. आपल्या वस्तीतलं नाव तिथं पाहिजे."

"मी नाही लिहिणार. मी भांडते, वरपर्यंत जाते."

"तू वर जाऊन येस्तोवर मी खरंच मरीन. लिही."

मी लिहिलं. खिडकीतल्यानं पडद्यावर नाव भरलं, जन्मतारीख भरली, आणि मयत हा शब्द निवडला. माझ्या डोळ्यासमोर सगळा प्रोग्राम उभा राहिला. आईचं नाव तर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "अरे, ही नोंद दुसऱ्या माणसावर पण जाईल."

"मॅडम, आता तुम्ही रिटायर झालात. सिस्टम बघतं ते."

मग मी गप्प बसले. सांगायला हरकत नाही, गप्प बसताना मला बरं वाटलं. खाली सही केली, मुलगी म्हणून.

संध्याकाळी लिंबाजीरावांच्या फोनवर कारखान्याचा मेसेज आला. सभासद लिंबाजी ग्यानोबा गायकवाड यांच्या निधनाबद्दल कारखाना परिवार आपल्या दुःखात सहभागी आहे. लिंबाजीराव तेव्हा जेवत होते म्हणे. शिवशंकरनं थट्टा समजून हसण्यावारी नेलं. पण सकाळी त्यांच्या फडावर आलेली टोळी कोयते उचलून परत निघाली, कारण मुकादमाच्या फोनवर तोडीचा हुकूम रद्द झाला होता. मेलेल्या माणसाच्या उसाला तोड नाही.

मग काय विचारता. शिवशंकर गाडी घेऊन कारखान्यावर. चेअरमनचा फोन एमडीला, एमडीचा फोन पुण्याला. वीरेशला म्हणे जेवू दिलं नाही. दुपारच्या पाळीला टोळी परत फडात होती. जो नंबर उघडायची सोयच नव्हती, तो उघडला. जी यादी बदलता येत नव्हती, ती बदलली. बळी तो कान पिळी, दुसरं काय. आमचा मात्र गुरुजींनी धरायला लावला तेवढाच.

वीरेशचा मला फोन आला. आवाज गोड. "मॅडम, तुमचं ते आईच्या नावाचं लॉजिक परत टाकलंय. खूप युनिक केस होती ही."

"अख्खा मराठवाडा एक जूनला जन्मलाय. युनिक कसलं?" मी म्हटलं. "ते जाऊ दे. आता माझ्या वडलांना उठव."

"मॅडम, त्यांचं नाही होणार. लिंबाजीरावांचं चुकून झालं होतं, ते मागं घेता येतं. तुमच्या वडिलांचं तर घरच्यांनीच दिलंय. तुमची सही आहे त्यावर."

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मला शिवी आठवली नाही.

दोन-चार दिवसांनी लिंबाजीराव आमच्या घरी आले. या वयापर्यंत आमच्या ओसरीवर कधी बसले नव्हते, त्या दिवशी बसले. हातात साखरेची पिशवी. हसत म्हणाले, "काय लिंब्या, दोघंबी मेलो की रं एका दिवशी. शाळंत बी संगंच, आन् वर बी संगंच."

बाबा हसले नाहीत. मला चहा टाकायला सांगितला आणि ती पिशवी त्यांच्याकडं सरकवली. "साखर ऱ्हाऊ द्या. पोरीच्या नावची आली हाय," म्हणाले.

"राग धरून राहिलास व्हय? अरे त्या दिवशी माझा इलाज नव्हता."

"राग कशाचा. तुमी उठलाव, लिंबाजीराव. मी हाय तिथंच हाय."

लिंबाजीरावांनी चहा घेतला. अर्धा ठेवला आणि गेले. जाताना पिशवी उचलायला विसरले का मुद्दाम ठेवली, कोण जाणे. मी ती पोरांच्या अंगणवाडीत देऊन टाकली.

मला वाटलं, झालं, आता याच्यापुढं काही राहिलं नाही. पण परवा सभेची नोटीस आली, पोस्टानं, माझ्या नावानं. बाबा ओसरीवर होते, त्यांनीच घेतली. त्यांना मोठी अक्षरं लागतात, बोट ठेवून वाचतात. श्रीमती विशाखा लिंबाजी गायकवाड, एवढं वाचून त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि तोंडावर थोडं समाधान आलं. आमच्या वस्तीतलं नाव तिथं होतं.

मग बोट खाली गेलं. वारस, कै. लिंबाजी ग्यानोबा गायकवाड.

"हे काय गं? कै?"

त्यांना माहीत होतं. कैलासवासी म्हणजे काय ते गावात कुणाला माहीत नाही?

छप्पन साली आजानं देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत घालून मांजरा नदीला सोडले तेव्हा टोपली बाबांच्या डोक्यावर होती. चौदा वर्षांचे होते, तेही गुरुजींच्या हिशेबानं. त्या दिवसापासून या माणसानं ना कुठल्या देवळाची पायरी चढली, ना कुणाच्या कैलासाचं नाव घेतलं. गावानं त्यापायी विहीर बंद केली, तरी घेतलं नाही.

मी तिथल्या तिथं एमडी साहेबांना फोन लावला. म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत साहेब, मेलेला लिहिलात ते लिहिलात, कैलासात कुणी पाठवायला सांगितलं? दिवंगत लिहा, कालकथित लिहा, काही न लिहिता नुसतं नाव लिहा.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "ते सिस्टम आपोआप लावतं. सगळ्यांनाच."

बाबांनी हातानंच विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं. त्यांनी नोटिशीची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि सभा कोणत्या तारखेला आहे ते विचारलं.

"तुम्ही कशाला येता? तुम्हाला आत सोडणार नाहीत," मी म्हटलं.

"दारात बसतो की," बाबा म्हणाले. "दारात बसायची सवय हाय मला."